गयाबाईच्या दारावरची फुली

आमच्या खात्याला नाशकात कोणी आरोग्य खातं म्हणत नसे. 'पावडरवाले' म्हणत. विहिरीत पावडर टाकणारे, गटारीवर पावडर मारणारे आणि साथ आली की सुया घेऊन दारात उभे राहणारे. मी त्यातली सुईवाली. हुद्दा हेल्थ व्हिजिटरचा, पण पांढरी साडी दिसली की लोक सिस्टरच म्हणायचे आणि मीही कधी दुरुस्त केलं नाही. पोरं मला बघून पळायची. मोठी माणसंही पळायची, फक्त ती कारण सांगून पळायची.

या अंकाच्या संपादिकाबाई म्हणाल्या, "नोकरीतल्या गमतीजमती लिहा, वाचकांना हलकंफुलकं आवडतं." बरं बाई, एक गंमत सांगते. पण ती ऐकून हसलात तर पुढचंही ऐकावं लागेल, आणि ते हलकं नाही, फुलकं तर मुळीच नाही.

त्र्यंबकेश्वरच्या जत्रेत आमचं कॉलरा-टायफॉईडची लस टोचायचं ठाणं असे. एसटीतून उतरला यात्रेकरू की आधी आमच्या तंबूत, मग दर्शनाला. टोचल्याची चिठ्ठी दाखवली तरच पुढं सोडायचं, असा नियम. एकदा मोटारीतून एक शेठजी उतरले. बरोबर सामान उचलणारा नोकर. नोकराला मी टोचलं, तो बाजूला झाला, तर शेठजींनी त्याला पुन्हा पुढं ढकललं.

"माझी सुई पण यालाच द्या, आणि चिठ्ठी माझ्या नावानं फाडा."

"अहो, त्याला आत्ताच दिलीय."

"मग काय झालं? अंगात रग आहे त्याच्या."

"शेठजी, तुमच्या वाटचं जेवतो पण हाच का?" मी विचारलं. तंबूत हशा पिकला. शेठजी तणतणत आमच्या मोठ्या साहेबांकडे गेले आणि बाहेर आले ते चिठ्ठी घेऊनच. न टोचता! साहेब मला म्हणाले, "बाई, माणूस बघून बोलत जा." मी माणूस बघूनच बोलले होते.

तर ही झाली गंमत. यातलं लक्षात एवढंच ठेवा की सुई कोणाला आणि चिठ्ठी कोणाला, हे आमच्याकडे आधीच ठरलेलं असे.

आता फुलीचं सांगते. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला देवीच्या रोग्यांचा शोध चालायचा तेव्हा आम्ही घरोघर हिंडायचो. कुठलं घर बघून झालं हे कळावं म्हणून दारावर गेरूनं खूण करायची. पद्धत चांगली होती, त्यामुळे काम नेमकं झालं. पुढे देवी गेल्या, पण गेरू उरला. साहेबांना खुणांची भारी हौस. ज्या घरात संसर्गाचा रोगी निघेल त्या घरावर मोठी तांबडी फुली मारायची, असं त्यांनी ठरवलं. कॉलरा निघाला, मार फुली. मुदतीचा ताप निघाला, मार फुली. आता रोग काय झोपडी बघून येतो होय? पण बंगल्याच्या सागवानी दारावर फुली मारलेली मी उभ्या नोकरीत बघितली नाही. "रंग खराब होईल हो," असं आतून कोणी म्हटलं की गेरूचा डबा मुकाट्यानं परत यायचा. फुल्या सगळ्या पत्र्याच्या दारांवर.

आणीबाणी उठून गेली होती, त्यानंतरची ही गोष्ट. मी जत्रेच्या कामावरून त्र्यंबकहून परत आले तर ऑफिसात एकच चर्चा. पंचवटीत बाहेरगावच्या मुलांसाठी एक वसतिगृह होतं, देणग्यांवर चालायचं. तिथं मुदतीच्या तापाची साथ आली होती. मुदतीचा ताप म्हणजे टायफॉईड. बरीच मुलं दवाखान्यात, आणि येवल्याकडचा एक मुलगा गेला. पैठणी विणणाऱ्या घरातला. पोरानं मागावर बसू नये, शिकावं, म्हणून बापानं नाशकाला धाडलेला. तापात आतड्याला भोक पडलं आणि पोर हाती लागलं नाही.

"पण मूळ सापडलं," साहेब खुशीत म्हणाले. "तिथं भांडी घासणारी बाई आहे, गया नावाची. रक्तात टायफॉईड निघालाय. उचलून आयसोलेशनमध्ये टाकलीय."

"आणि बाकीच्यांचं रक्त?"

"बाकीच्यांचं कशाला? सगळी चांगल्या घरची माणसं आहेत."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण आधी वाचकांना हा रोग सांगते, नाहीतर माझा आरडाओरडा वायफळ वाटेल. टायफॉईड होऊन माणूस बरा होतो. बहुतेकांच्या पोटातले जंतू मरून जातात. एखाद्याच्या मात्र पित्ताशयात ते कायमचं बिऱ्हाड करतात. त्या माणसाला स्वतःला काही होत नाही. खातो, पितो, काम करतो, चांगला ठणठणीत. पण त्याच्या शौचातून जंतू बाहेर पडत राहतात, कधी कमी, कधी जास्त, म्हणून वर्षानुवर्षं काही होत नाही आणि एखाद्या वेळी एकदम साथ येते. हात साबणानं नीट धुतले नाहीत आणि तेच हात अन्नाला लागले, की ते अन्न खाणारा आजारी. अशा माणसाला आम्ही वाहक म्हणतो. वाहक हा गुन्हेगार नसतो, त्याला पत्तासुद्धा नसतो. आणि तो शोधायचा तर शौचाचा नमुना तपासावा लागतो. रक्तावरून एवढंच कळतं की शरीराची या जंतूंशी कधीतरी गाठ पडली आहे. ती तापानं पडली असेल, नाहीतर लशीनं.

आणि गयाबाईला टायफॉईडची लस टोचली होती. मीच टोचली होती, तिच्या वस्तीत शिबिर भरवून! ओळीनं उभं करून आम्ही सगळ्या वस्तीला टोचलं होतं, कारण तिथं कोणी नोकराला पुढं करत नाही. शेठजींचं रक्त तपासलं असतं तर कोरं निघालं असतं. गयाबाईनं सरकारचं ऐकलं, दंड पुढे केला, आणि त्याचाच पुरावा करून सरकारनं तिला उचललं.

आयसोलेशन म्हणजे गावाबाहेर पत्र्याच्या चार खोल्या. मी गेले तेव्हा गयाबाई जमिनीवर बसली होती. मूळची सिन्नरकडची, नवरा मार्केटात हमाल, पदरात लहान मुलगी. मला बघून उठली नाही, नमस्कार केला नाही.

"सिस्टर, मला ताप नाय, खोकला नाय. तिसऱ्या पारी गाडी आली, वस्तीसमोर मला हाताला धरून गाडीत घातलं. माझ्या पोरीनं बघितलं. दारावर फुली मारली. मी काय चोरी केली व्हती का?"

"गयाबाई, तुम्ही तिथं अन्नाला हात लावता का?"

ती हसली. असं हसणं पुन्हा ऐकायला नको.

"अन्नाला? सिस्टर, मला उंबऱ्याच्या आत पाय टाकू देत नाय. भांडी पार बाहेर ठेवत्यात. मी घासून पालथी घालायची, दूर व्हायचं. मंग आतली बाई येती, त्यावर पाणी शिंपडती, मंगच आत नेती. उन्हात वाळलेली भांडी परत कढत पाण्यातून काढत्यात. मला तहान लागली तर वरून पाणी वततात."

मी तिथून तडक ऑफिसात गेले. साहेब जेवायला निघाले होते, त्यांना दारातच गाठलं.

"साहेब, त्या वसतिगृहानं त्या बाईला अन्नापासून इतकं लांब ठेवलंय की तिच्या अंगात जगातले सगळे रोग असते तरी एक जंतू ताटापर्यंत गेला नसता. त्यांच्याच शिवाशिवीनं ती निर्दोष ठरते! आधी विटाळ म्हणून बाहेर ठेवायची, आणि मग रोग आत आणला म्हणून धरायची? चोर सोडून संन्याशाला फाशी!"

"बाई, आवाज खाली. मग आणला कोणी?"

"जो आत असतो त्यानं. अन्नाला ज्याचे हात लागतात त्यानं."

साहेबांना पटलं असं नाही. पण गेलेल्या मुलाबद्दल वरून विचारणा होईल, ही धास्ती होती. "करा काय करायचं ते, पण गवगवा नको," म्हणाले.

वसतिगृहाचे चिटणीस म्हणजे परीटघडीचं धोतर आणि तोंडात सतत 'संस्था'. विहिरीचं पाणी मी आधीच तपासून घेतलं होतं, स्वच्छ होतं. दूध उकळून वापरायचे. स्वयंपाक गरम वाढायचे. मग थंड काय देता, असं मी विचारलं. चिटणीसांनी अभिमानानं सांगितलं, "दर रविवारी सकाळी माईंचे दहीपोहे. मुलं आठवडाभर वाट बघतात. माई हातानं कालवतात, त्याशिवाय चव येत नाही."

माई म्हणजे तिथल्या स्वयंपाकीणबाई. विधवेचं लाल आलवण, डोईवर पदर, वय साठीच्या पुढं. कडक सोवळ्यात स्वयंपाक करायच्या. मी स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी उभी राहिले, कारण मलाही आत घेत नव्हते. तिथूनच विचारलं, "माई, हात कशानं धुता?"

"मातीनं आणि पाण्यानं. आणखी कशानं?"

"साबण?"

"शी! साबणात चरबी असते. सोवळ्यात चालत नाही."

मी चिटणीसांकडे वळले आणि म्हटलं की स्वयंपाकघरात जो जो जातो त्या सगळ्यांच्या शौचाचे नमुने पाहिजेत. माईंचाही. चिटणीसांचा चेहरा बघायला हवा होता.

"माईंचा? अहो, जनाची नाही तर मनाची तरी! त्या बाईनं आयुष्यात कोणाचा स्पर्श होऊ दिला नाही. सोवळ्यातल्या माणसाला कसला रोग?"

"सोवळं विटाळाला अडवत असेल चिटणीससाहेब, जंतूला अडवत नाही. त्याला तुमची जात कळत नाही, माझी कळत नाही आणि गयाबाईची तर नाहीच नाही."

"मी वरपर्यंत जाईन!"

"जरूर जा. जाताना तुमचाही नमुना देऊन जा. तुम्ही ताक वाढता, मुलांनी सांगितलंय मला."

यावर आतून कोणीतरी खुदकन हसलं. माईच होत्या. पुढं आल्या आणि म्हणाल्या, "द्या तुमची डबी. एवढी पोरं आजारी पडली, एक गेलं. नमुना द्यायची लाज कसली? लाज त्याची नाही."

मी त्यांच्या हाती डबी दिली. मी विचारलं, असा ताप कधी आला होता का. म्हणाल्या, "लग्न झाल्यावर सासरी आला होता. आधी मला, मग यांना. मी उठले, ते उठले नाहीत. माझे केस त्या तापात गेले. पुन्हा यायला लागले तेव्हा ठेवायचे दिवस राहिले नव्हते."

मला उत्तर तिथंच मिळालं होतं, पण मिळालेलं उत्तर आणि तपासलेलं उत्तर यांत फरक असतो. गयाबाईच्या बाबतीत आमचे साहेब तेवढंच विसरले होते.

नमुने पुन्हा पुन्हा तपासले. गयाबाईचे प्रत्येक वेळी स्वच्छ. माईंच्या नमुन्यात प्रत्येक वेळी जंतू.

आता खरा तमाशा ऐका. गयाबाईला नेताना गाडी होती, गेरू होता, सगळी वस्ती जमवली होती. आणि माईंची पाळी आली तेव्हा चिटणीस दबक्या आवाजात म्हणाले, "म्हातारीच्या अब्रूचा प्रश्न आहे. आम्ही मुलांना सांगू, माई काशीला गेल्या. संस्थेचं नाव निघायला नको." साहेबांनी मान डोलावली. "हो हो, वाहकाची गुप्तता पाळावी लागते."

गुप्तता! हा शब्द आमच्या खात्याला येतो हे मला त्या दिवशी कळलं. आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं पाहायचं वाकून, दुसरं काय? तसं पाहिलं तर माईंच्या बाबतीत ते बरोबरच होतं. वाहकाला कोंडायचं नसतं, त्याचा डंका पिटायचा नसतो. स्वयंपाक बंद करायचा, दुसरं काम द्यायचं, औषध द्यायचं, हात धुवायला शिकवायचं. माझं भांडण एवढंच होतं की जंतू सापडलेल्या बाईला जी माणुसकी, ती जंतू न सापडलेल्या बाईला का नाही? आणि काशीचं म्हणाल तर कसली काशी! आयुष्य चुलीपुढं घातलेल्या माईंना गुपचूप बाहेर काढायचा तो बेत होता.

गयाबाई सुटून घरी आली, पण नाव सुटलं नाही. वसतिगृहानं कामावर घेतलं नाही. बाकीची धुण्याभांड्याची घरंही गेली. अहो, वस्तीतल्या बायकासुद्धा नळावर तिला मागं थांबवायच्या. दारावर ती तांबडी फुली तशीच. मी साहेबांना म्हटलं, "माणूस पाठवा, फुली पुसून घ्या."

साहेब म्हणाले, "मारायचा हुकूम आहे. पुसायचा नाही. तशी पद्धत नाही."

मग मीच फडकं आणि बादली घेऊन गेले. गयाबाईनं दारात हात आडवा धरला. "सिस्टर, तुमी नाय. ज्यानं मारायला लावली त्यानं समद्यांम्होरं पुसावी. तोवर ऱ्हाऊ द्या."

हे सगळं मी माईंना सांगितलं. सांगायला नको होतं असं चिटणीस म्हणाले, म्हणोत बापडे. औषधाच्या गोळ्या द्यायला मी गेले होते. नारळाच्या तेलाचा साबणही नेला होता. यात चरबी नाही म्हटल्यावर माईंनी तो उलटापालटा करून बघितला. "असा मिळतो होय? इतकी वर्षं कोणी सांगितलं नाही ग," म्हणाल्या. मग त्यांनी विचारलं, "त्या येवल्याच्या पोराला माझ्याच हातनं...?"

मला 'नाही' म्हणता आलं नाही. त्यांनी पुन्हा विचारलंही नाही.

त्या रविवारी सकाळी मुलं जेवणघरात बसलेली असताना माई उभ्या राहिल्या. मी तिथं होते, कारण माईंनीच बोलावलं होतं. चिटणीस "माई, चला आत" म्हणत पुढे झाले, तर त्यांनी हात वर करून त्यांना थांबवलं.

"पोरांनो, मी काशीला बिशीला चाललेली नाही. हा ताप माझ्या हातनं आला. मला ठाऊक नव्हतं, पण आला माझ्याच हातनं. गयाचा काही दोष नाही. तिचं नाव कोणी घ्याल तर माझी शपथ आहे."

चिटणीसांनी कपाळाला हात लावला. त्यांना मुलाच्या जाण्यानं जेवढं लागलं नव्हतं तेवढं हे लागलं, हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलं आणि आजही विसरलेले नाही.

तिथून माई तशाच पायी निघाल्या. "मला तिच्या घरी ने," म्हणाल्या. वस्तीत लाल आलवणातली बाई आलेली बघून नळावरच्या बायका हंडे सोडून उभ्या राहिल्या. माईंनी त्यांनाही तेच सांगितलं, मोठ्यानं. मग गयाबाईच्या दाराशी गेल्या, फुली बघितली आणि पदर ओला करायला नळाकडे वळल्या.

"ऱ्हाऊ द्या, माई," गयाबाई म्हणाली. "तुमी नव्हती मारली."

"मग मी काय करू ग?"

गयाबाईनं जरा विचार केला. तिच्या कपाळावरची आठी गेलेली नव्हती. ती माफ करायच्या बेतात होती असं मला मुळीच वाटलं नाही. पण दारात म्हातारं माणूस उन्हातून चालत आलेलं.

"आत या. चा करते."

आत भिंतीवर बुद्धाची तसबीर, खाली सतरंजी. माई उंबऱ्याशी थबकल्या. मला वाटलं, आता सोवळं आडवं येणार. पण तसं नव्हतं. त्या खाली मान घालून म्हणाल्या, "चहा घेईन. पण गया, माझा कप वेगळा ठेव हो. वेगळा धू. तुझी पोर लहान आहे."

स्टोव्हला पंप मारता मारता गयाबाईचा हात थांबला. तिनं वर बघितलं.

"आमच्यात वेगळा कप ठेवत नाय, माई."

चहा झाला. आम्ही तिघींनी घेतला.

ती फुली पुसायला आमच्या खात्यातून कोणी कधीही आलं नाही. साहेब बढतीवर गेले, चिटणीसांचा सत्कार झाला, पावसापाण्यानं गेरू फिका होत गेला. माई पुढं वाती वळून पोट भरायच्या, साबणानं हात धुऊन. गयाबाईला मीच एका ओळखीच्या शाळेत काम मिळवून दिलं, तेही भांडून. साथ दडवणारे आणि साथीच्या नावाखाली गरिबाला बडवणारे, दोघंही मला नोकरीभर भेटत राहिले. पुष्कळदा तो एकच माणूस असायचा.

पण त्या दिवशी निघताना मी माझं काम केलं. चहाचं पातेलं उतरवायला लावलं, दुसरं पाणी चढवलं, खळखळून उकळी येईपर्यंत तिथंच बसून राहिले. गयाबाई माईंचा कप उचलायला लागली.

"एक नाही," मी म्हटलं. "तिन्ही कप पाण्यात टाका."

तिनं तिन्ही टाकले.